ठासणीच्या बंदुकीचा गंज: आधी पाणी, मग तेल

ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू भरून गजाने ठासायची, बंदूक वाजवून आणायची, वरून फडक्याने पुसायची, नळीत तेलाचे चार थेंब सोडायचे आणि कपाटात उभी करायची. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या पट्ट्यात पीक संरक्षणाचा परवाना असलेल्या कितीतरी घरांत हीच रीत चालत आलेली आहे. मग भात पोटरीत येतं, डुकरांचा त्रास सुरू होतो, बंदूक बाहेर काढावी तर गज नळीत खरखरत जातो आणि चिंधी तांबडी होऊन बाहेर येते. "एवढं तेल लावलं होतं, तरी गंजली कशी?" हा प्रश्न ठरलेला. उत्तर सोपं आहे. तेल लोखंडाला लागलंच नव्हतं. ते काजळीला लागलं होतं, आणि काजळीखाली लोखंडाचं जे व्हायचं ते होतच राहिलं.

हा लेख काळ्या दारूवर चालणाऱ्या बंदुकांपुरता आहे. म्हणजे मुख्यतः केपची ठासणी (केप म्हणजे घोडा आपटला की फुटून बार पेटवणारी छोटी टोपी), आणि वाडवडिलांपासून आलेली चकमकीची किंवा तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने पेटणारी, बंदूक. काडतुसाच्या बंदुकीची दारू वेगळी, तिची काजळी वेगळी, तिथे पाण्याची एवढी गरज पडत नाही. काडतूसवाल्या मित्राने सांगितलेली पद्धत ठासणीला लावली की घोटाळा होतो, आणि बहुतेकदा तो तिथूनच सुरू होतो.

काजळीत काय असतं

काळ्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असतो. पेटल्यावर ही दारू सगळीच्या सगळी वायू होऊन निघून जात नाही. निम्म्याहून जास्त वजन घन रूपात उरतं. त्यातलं बरंच धुराबरोबर बाहेर पडतं, बाकीचं नळीच्या आत चिकटतं. या काजळीत थोडा न जळलेला कोळसा असतो, पण मुख्य भरणा क्षारांचा: पोटॅशियम कार्बोनेट, पोटॅशियम सल्फेट, पोटॅशियम सल्फाइड.

यातलं पोटॅशियम कार्बोनेट हवेतलं पाणी स्वतःकडे ओढतं. हवेची आर्द्रता ४३ टक्क्यांच्या वर गेली की ते आपोआप ओलं व्हायला लागतं. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथलं सोडाच. ४३ टक्के हा आकडा कोरड्या माणमधल्या दहिवडी-म्हसवडलाही पावसाळ्यात सहज गाठला जातो. म्हणजे बंदूक कोरड्या कपाटात असली तरी नळीच्या आत खारट पाण्याचा थर तयार होतो, आणि तो लोखंडाला चिकटूनच असतो.

केपचं आणखी एक आहे. जुन्या पद्धतीच्या केपांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं आणि ती फुटल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरतं. हे खाण्याच्या मिठाचं सख्खं भावंड. आपल्याला मिळालेली केप कोणत्या मसाल्याची आहे हे डबीवर लिहिलेलं असेलच असं नाही, म्हणून प्रत्येक केप मीठ सोडणारीच आहे असं धरून चालावं. निपल (केप ज्यावर बसवतात तो पोकळ तुकडा) आणि त्याखालचा बारीक मार्ग सर्वांत आधी खाल्ला जातो तो यामुळे.

आता महत्त्वाचं: हे सगळे क्षार पाण्यात विरघळतात. तेलात विरघळत नाहीत, रॉकेलमध्ये नाहीत, पेट्रोलमध्येही नाहीत. रॉकेलने नळी धुतली की काळं निघतं, हात काळे होतात, साफ झाल्यासारखं वाटतं. निघालेला तो कोळसा असतो. मीठ आतच राहतं.

छर्रे न घालता नुसता आवाजाचा बार काढला तरी हिशोब तोच. दारू तेवढीच जळते आणि काजळी तेवढीच बसते. "नुसता बारच काढला, धुवायची काय गरज?" असं म्हणून ठेवलेल्या बंदुका सर्वांत जास्त गंजलेल्या दिसतात.

हात लावण्याआधी: नळी रिकामी आहे का

ठासणीत काडतूस नसतं, त्यामुळे उघडून बघायची सोय नाही. वर्षानुवर्षं पडून असलेली वडिलोपार्जित बंदूक भरलेली निघण्याचे प्रकार घडतात, आणि काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक वर्षांनीही पेटते. त्यामुळे कोणी कितीही खात्रीने सांगितलं तरी स्वतः तपासायचं.

निपलवर केप असेल तर ती आधी काढा. नळीचं तोंड माणसांपासून, घरापासून, गोठ्यापासून दूर ठेवा आणि कधीही त्यावरून डोकं किंवा हात नेऊ नका. गज हळूच आत सोडा, तो टेकेल तिथे नळीच्या तोंडाशी गजावर खडूने खूण करा. गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून तसाच लावून धरा. रिकाम्या नळीत गजाचं टोक निपलच्या किंवा कानाच्या (चकमकीच्या बंदुकीत आग आत जाण्याच्या भोकाच्या) जवळपास पोचतं. त्याच्या अलीकडेच थांबत असेल तर आत बार आहे असंच समजा. जुनी चिंधी किंवा कुंभारमाशीचं घरटंही असू शकतं, पण ते ठरवायचं काम आपलं नाही. भरलेली बंदूक खरवडू नका, गज आपटू नका, "वाजवून मोकळी करू" हा विचारही नको. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे ती न्यायची कशी हे आधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

रिकामी असल्याची खात्री झाली की दारूचा डबा, केपा, विडी-काडी सगळं त्या जागेपासून लांब. सफाई आणि दारू एका खोलीत नको.

सामान

मोठं काही लागत नाही. गजाच्या टोकाला बसणारं खाचांचं पितळी टोक, जुन्या सुती धोतराच्या किंवा बनियनच्या चौकोनी चिंध्या (दोन-अडीच इंचाच्या, भरपूर), निपल काढायचा पाना, नीट बसणारा पेचकस, जुना दात घासायचा ब्रश, एक बादली, भांडी घासायच्या द्रवसाबणाचे काही थेंब, आणि तेल. कोंबडीची दोन-चार पिसं धुऊन वाळवून ठेवा. निपलच्या मार्गात आणि घोड्याच्या यंत्रात तेल पोचवायला यासारखं हत्यार नाही. सिंथेटिक कापडाच्या चिंध्या नकोत, त्या पाणी शोषत नाहीत.

पेचकसाबद्दल एक सांगतो. बंदुकीच्या पेचांच्या खाचा अरुंद आणि सरळ असतात. घरातला निमुळता पेचकस त्यात नीट बसत नाही, घसरतो, आणि पेचाचं डोकं तर जातंच, शेजारच्या लाकडावरही ओरखडा उठतो. पेचकसाचं टोक खाचेइतकं घासून घेतलेलं हवं.

धुणं: त्याच दिवशी

उद्यावर टाकायचं नाही. झड लागलेली असेल तर एका रात्रीत नळीत तांबूस थर दिसतो. रात्री राखण करून पहाटे आलात तर झोपण्याआधी निदान ओल्या चिंध्या तरी फिरवून घ्या.

घोडा अर्ध्या खटक्यावर ठेवून त्याच्या बाजूचे पेच सोडवा आणि घोड्याचं यंत्र सरळ बाहेर घ्या. पेच पूर्ण काढण्याआधी थोडे सैल करून त्यांच्या डोक्यावर पेचकसाच्या मुठीने हलकं ठोकलं की यंत्र लाकडातून न चिरता सुटतं. निपल पान्याने काढून कोमट पाण्यात टाका. निपल बसलेला असेल आणि सुटत नसेल तर जोर करू नका. आटे झिजले की पुढच्या वेळी केप फुटताना निपलच उडू शकतो.

नळी लाकडापासून वेगळी होते का, हे बंदुकीवर अवलंबून आहे. बुडाला आकडा आणि मध्ये एक-दोन चपट्या चाव्या असलेली नळी दोन मिनिटांत निघते. तशी असेल तर प्रत्येक वेळी काढा. पण आपल्याकडच्या अनेक ठासण्यांची नळी बारीक खिळ्यांनी किंवा घट्ट कड्यांनी जखडलेली असते. ती दर वेळी काढण्यात लाकडाचे टवके जातात. अशी बंदूक नळी न काढताच धुवायची.

निघणाऱ्या नळीसाठी बादलीची पद्धत उत्तम. बादलीत कोमट पाणी, त्यात साबणाचे दोन-तीन थेंब. निपल काढलेलं बूड पाण्यात बुडवा, गजाच्या टोकाला घट्ट बसेल अशी ओली चिंधी लावा आणि गज वर-खाली करा. चिंधी वर येताना निपलच्या भोकातून पाणी आत ओढलं जातं आणि खाली जाताना जोरात बाहेर फेकलं जातं. पाणी शाईसारखं काळं होईल आणि कुजक्या अंड्याचा वास येईल. घाबरू नका, तो काजळीतल्या सल्फाइडचा वास आहे आणि तो येतोय म्हणजे काम होतंय. पाणी बदला, पुन्हा तेच. चिंधी करडी, मग जवळजवळ पांढरी निघाली की शेवटी साबण नसलेल्या स्वच्छ पाण्याने दोनदा खंगाळा. भांड्यांच्या साबणातही मीठ असू शकतं, म्हणून हे शेवटचं खंगाळणं टाळायचं नाही.

न निघणाऱ्या नळीसाठी निपल पुन्हा बसवून त्याचं भोक, किंवा चकमकीच्या बंदुकीचा कान, दातकोरणीने बंद करा. लाकडाच्या कडेला कापड गुंडाळा. नळीत कोमट पाणी भरा, पाचेक मिनिटं राहू द्या, नळी कलती करून तोंडातून ओता. दोन-तीन वेळा हे करून मग ओल्या चिंध्या फिरवा. पाणी लाकडात शिरता कामा नये, एवढंच सांभाळायचं.

लाकडी गज वापरत असाल तर तो तोंडापासून वीतभर अंतरावर धरून थोडा-थोडा ढकला. लांब धरून जोर केला की गज तिरका मोडतो आणि त्याचं टोक हातात घुसतं. ही जखम वाईट असते.

पाणी किती गरम यावर जुन्या लोकांत वाद आहे. उकळतं पाणी ओतावं, नळी तापते, आपोआप सुकते, असं अनेक जण सांगतात. सुकते हे खरं, पण त्या काही सेकंदांत तापलेल्या उघड्या लोखंडावर तांबूस पावडरीसारखा गंजाचा थर धरतो, आणि मग तो काढत बसावं लागतं. माझं मत कोमट पाण्याच्या बाजूने आहे. हाताला सोसेल एवढं पाणी क्षार विरघळवायला पुरेसं असतं.

पाणी कोणतं, याकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. माण-खटावकडच्या बोअरचं पाणी जड आणि कित्येक ठिकाणी खारट असतं. मीठ काढायला मीठच वापरायचं, असा तो प्रकार. तिकडे शेवटच्या खंगाळण्यासाठी फिल्टरचं किंवा पन्हळीखाली धरलेलं पावसाचं पाणी घ्या.

ते काळं पाणी गुरांच्या हौदाकडे किंवा विहिरीच्या कडेला ओतू नका.

कोरडं करणं

बहुतेक घोळ इथे होतो, कारण नळी बाहेरून कोरडी दिसते. कोरड्या चिंध्या फिरवत राहा. चार-पाच चिंध्यांनंतर शेवटची खरोखर कोरडी निघाली पाहिजे, हाताला थंड लागता कामा नये. बऱ्याच नळ्यांचं बूड आतून अरुंद असतं आणि गजाचं मोठं टोक तिथवर जातच नाही. तिथे ओल साठते. बारीक काडीला चिंधी गुंडाळून तो कोपरा वेगळा पुसा. निपलचा मार्ग पिसाने किंवा पाइप साफ करायच्या तारेच्या ब्रशने.

औषधाच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपाइल अल्कोहोल चिंधीवर घेऊन एकदा फिरवलं तर उरलंसुरलं पाणी तेही घेऊन उडून जातं. ते पटकन पेटतं, तेव्हा चूल आणि देव्हाऱ्यातल्या दिव्यापासून लांब. मग नळी तोंड खाली करून उन्हात, किंवा पावसाळ्यात पंख्यासमोर, अर्धा तास. चुलीवर किंवा गॅसवर नळी तापवू नका. डाक लावून जोडलेल्या जागा तेवढ्या उष्णतेनेही सैल होतात.

तेल: कोणतं, किती

आता तेलाची पाळी. थर पातळ हवा. चिंधी तेलात बुडवून पिळायची, नळीत बुडापर्यंत नेऊन गोल फिरवत वर आणायची. आत तेल साचलं तर ते ओघळून बुडाशी जमतं, निपलच्या मार्गात घट्ट बसतं आणि पुढच्या वेळी केप फुटते पण बार पेटत नाही.

घरात जे असतं ते चालेल का, हे ज्याचं त्याचं वेगळं आहे.

खोबरेल तेल थोड्या दिवसांसाठी ठीक, पण ते २४ अंशांच्या आसपास थिजतं. डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वर-पाचगणीकडे आणि घाटमाथ्यावर ते नळीत पांढरं घट्ट होऊन बसणार. शेंगदाण्याचं किंवा करडईचं गोडेतेल काही आठवड्यांत हवेशी संयोग पावून चिकट होतं आणि घोड्याच्या यंत्रात गेलं तर यंत्र जड चालतं. जवसाचं तेल तर सुकण्यासाठीच असतं. ते दस्त्याला लावा, लोखंडाला नको. तूप नको. मोटरसायकलचं जळकं ऑइल अजिबात नको, त्यात आम्ल आणि धातूचा चुरा असतो. रॉकेल गंजलेला पेच सैल करायला चांगलं, संरक्षणाला निकामी, दोन दिवसांत उडून जातं.

शिलाई मशीनचं पातळ तेल घोड्याच्या यंत्राला उत्तम. नळीत ते आठ-पंधरा दिवस टिकतं, पावसाळाभर टिकणार नाही. पाणी हटवणारे स्प्रे त्यांच्या नावाप्रमाणे पाणी हटवतात, पण मागे राहणारा थर फारच पातळ असतो. स्प्रे मारून वर खरं तेल लावलं तर उपयोग. लांब मुक्कामासाठी गंजरोधक म्हणून विकलं जाणारं जाड तेल किंवा पातळ ग्रीस घ्या.

इथे एक मेख आहे. खनिज तेलावर काळी दारू जळली की डांबरासारखी चिकट काजळी बनते. म्हणून ठेवणीसाठी खनिज तेल चालतं, पण बंदूक भरण्याआधी ते कोरड्या चिंध्यांनी पूर्ण पुसून काढायचं. ज्यांना हा दुहेरी खटाटोप नको त्यांच्यासाठी जुना उपाय मधमाशीच्या मेणाचा आहे. मेण आणि एखादं वनस्पती तेल, तेल जास्त आणि मेण कमी, एकत्र पातळ करून थंड केलेलं मलम. मेण ६२ ते ६४ अंशांवर वितळतं, म्हणून ते थेट आगीवर न ठेवता गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. मेणाची आपल्याकडे कमी नाही. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, आणि त्या भागात शुद्ध मेण ओळखीने मिळतं. बाजारातल्या मेणबत्तीचं मेण म्हणजे पॅराफिन, ते यात घालू नका.

घोड्याचं यंत्र पाण्याने भिजवायचं नाही. ओलसर ब्रशने काजळी काढा, लगेच कोरडं करा, आणि प्रत्येक फिरत्या आसाला पिसाच्या टोकाने एकेक थेंब. मोठी कमान (स्प्रिंग) उघडू नका. ती दाबून धरायचा शिकंजा नसताना कमान सुटली की बोटं फुटतात.

निपलच्या आट्यांना थोडं ग्रीस लावून तो बसवा. यंत्र बसवल्यावर घोडा हाताने धरून हळूच खाली सोडा, रिकाम्या निपलवर आपटू नका. काहीजण मध्ये चामड्याचा तुकडा ठेवतात. वर्षभर तसाच ठेवला तर चामडं ओल धरतं आणि निपल गंजतो, तेव्हा ठेवताना तो काढा.

पहिली रात्र बंदूक तोंड खाली करून, खाली कापडाची घडी देऊन उभी ठेवा. नेहमीसारखी दस्त्यावर उभी ठेवली तर जास्तीचं तेल बुडाकडे येतं, तिथून लाकडात मुरतं, आणि घोड्यामागचं लाकूड काळं पडून मऊ होत जातं.

दुसऱ्या दिवशीची चिंधी

हे कुणी करत नाही, आणि सगळ्या खटाटोपाची परीक्षा हीच. दुसऱ्या दिवशी एक कोरडी पांढरी चिंधी नळीत फिरवा. तेलाने पिवळसर आली तर काम झालं. काळपट आली तर थोडी काजळी राहिली होती, ओली चिंधी, कोरडी चिंधी, तेल, पुन्हा. तांबूस आली तर मीठ आहे, आणि नुसतं वरून तेल घालून भागणार नाही. परत पाण्यापासून सुरुवात. आठवड्याने आणखी एकदा बघा. त्यानंतर पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, एरवी महिन्यातून एकदा.

खिळ्यांनी जखडलेल्या नळीची खालची बाजू दिसतच नाही. लाकूड आणि लोखंड यांच्या फटीत पाणी शिरून राहतं, वरून चकचकीत बंदूक खालून खड्डे पडलेली निघते. वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, जाणत्या दुरुस्तीवाल्याकडून नळी उतरवून खालून मेण लावून घ्यावं. दस्त्याला जवसाचं तेल हाताने चोळायचं काम त्याच दिवशी उरकतं. जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा अंगणात पसरून वाळू द्या.

खंडेनवमीनंतर

वर्षभर बंदूक सांभाळणारी माणसंही खंडेनवमीला तिचं नुकसान करतात, आणि तेही भक्तिभावाने. आदल्या दिवशी चिंच, राख किंवा पितांबरी लावून घासघास घासायची. पितळी बंदांसाठी हे ठीक, पण चिंचेचं आम्ल बंदाच्या कडेने लोखंडात उतरतं आणि आठ दिवसांत पितळेच्या शेजारी तांबडी रेघ दिसते. पितळ उजळायचंच तर फडक्यावर थोडी पावडर घेऊन फक्त पितळेवर, शेजारच्या लोखंडावर कागदाची चिकटपट्टी लावून.

मग पूजा. पाणी शिंपडायचं, ओलं हळद-कुंकू, झेंडूच्या ओल्या माळा, वर नारळ फोडताना उडालेलं पाणी. आणि हे सगळं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच. पूजा मोडायला कुणी सांगत नाही. आदल्या दिवशी लोखंडावर मेणाचा हात फिरवा, हळद-कुंकू दस्त्यावर किंवा शस्त्राखालच्या पाटावर वाहा, माळ लोखंडाला न टेकता पाटाभोवती ठेवा. आणि विसर्जनाची वेळ झाली की त्याच दिवशी कोरड्या फडक्याने पुसून तेल. घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा त्या तांबड्या रेघा दाखवल्या की त्यांचाही आग्रह कमी होतो. तलवारी, भाले यांनाही हाच नियम.

पूजेला आलेले पाहुणे बंदूक हातात घेऊन बघतात. घामात मीठ असतं, बोटांचे ठसे महिन्याभरात लोखंडावर उमटतात. त्यांच्या हातून परत आली की पुसा.

आधीच गंज असेल तर

वरवरचा तांबडा गंज असेल तर तेल लावून रात्रभर ठेवा आणि अगदी बारीक प्रतीच्या स्टील वूलने, किंवा जुन्या तांब्याच्या नाण्याच्या कडेने, हलके खरवडा. तांबं लोखंडापेक्षा मऊ असल्याने गंज निघतो पण खाली ओरखडा पडत नाही. पॉलिश पेपर नको. जुन्या नळीवरचा गडद तपकिरी, गुळगुळीत, हाताला न लागणारा थर हा वेगळा प्रकार आहे. तो नळीचं संरक्षण करतो आणि जुन्या वस्तूची किंमतही त्यात असते. तो उजळून चांदीसारखा केला की दोन्ही गेलं. नागमोडी पोताची जुनी नळी असेल तर आम्ल असलेलं कोणतंही गंजनाशक रसायन तिच्या जवळ नेऊ नका.

नुसती जपून ठेवायची, कधीच न वाजवायची तोड्याची बंदूक असेल तर पाण्याचा हा सगळा भाग तिला लागू नाही. धूळ झटका, कोरडं पुसा, संग्रहालयांत वापरतात तसं मायक्रोक्रिस्टलाइन मेण पातळ लावा. बस.

नळीच्या आत खड्डे पडले असतील, चिंधी एका जागी दर वेळी अडकत असेल, तर ती बंदूक वाजवायची नाही. खड्डा म्हणजे तिथली भिंत पातळ झालेली, आणि बाहेरून ते कळत नाही. परवानाधारक दुरुस्तीवाल्याला दाखवा. नळीचं तोंड गंजलं म्हणून "दोन इंच कापून टाकू" असा सल्ला कुणी दिला तर सरळ नाही म्हणा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ प्रमाणे परवान्याशिवाय नळी आखूड करता येत नाही.

ठेवायची कुठे

कापडी गवसणी, चामड्याची म्यान, गोणपाट, वर्तमानपत्र: चारही ओल धरतात. गवसणी ने-आणीला वापरा, ठेवायला नको. मातीच्या किंवा दगडी भिंतीला टेकवून ठेवलेली बंदूक भिंतीच्या बाजूने गंजते. कुलपाचं लोखंडी कपाट, भिंतीपासून थोडं पुढे ओढलेलं, आत आर्द्रता शक्य तेवढी ५० टक्क्यांच्या आसपास. आर्द्रतामापक आता स्वस्त मिळतो, अंदाज बांधण्यापेक्षा तो बरा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर त्या तापवून पुन्हा पुन्हा वापरता येतात, पण न तापवता वर्षभर ठेवलेली पुडी म्हणजे नुसती पुडी. रंग बदलणारं जेल घेणार असाल तर नारिंगी घ्या, निळ्यात कोबाल्टचा विषारी क्षार असतो. दारू आणि केपा या कपाटात नको.

निवडणुकीच्या काळात बंदूक ठाण्यात जमा करावी लागली तर ती परत मिळेपर्यंत काही आठवडे, कधी त्याहून जास्त, हाताबाहेर असते. तिथे ती कशी उभी राहील, कोणत्या भिंतीला टेकेल, हे आपल्या हातात नाही. म्हणून जमा करण्याच्या आदल्या दिवशी पूर्ण धुणं, वाळवणं, आणि नेहमीच्या पातळ तेलाऐवजी जाड गंजरोधक ग्रीसचा हात आतून-बाहेरून. गवसणीतून नेली तरी जमा करताना ती काढून घ्या. नळीवरचा क्रमांक आणि लोखंडाची स्थिती दिसेल असे फोटो काढा, पावतीवर क्रमांक बरोबर लिहिला आहे का बघा. परत आणल्यावर आधी गजाची खूण करून नळी रिकामी असल्याचं तपासा, मग ग्रीस पुसा, आणि दुसऱ्या दिवशीची चिंधी पुन्हा एकदा.